गुडघा टेकला म्हणजे पळ काढला?

लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथील ‘चर्च हाऊस’ ही वास्तू एरवी चर्चच्या धर्मसभांसाठी ओळखली जाते. २८ नोव्हेंबर २०२० रोजी तेथे मुष्टियुद्धाचे रिंगण उभे होते. करोनाच्या साथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. त्यामुळे ठोशांचा आवाज आणि दोन्ही कोपऱ्यांतून दिल्या जाणाऱ्या सूचना दूरचित्रवाणीवर स्पष्ट ऐकू येत होत्या. हेवीवेट गटातील दोन अपराजित ब्रिटिश मुष्टियोद्धे, २३ वर्षांचा डॅनियल दुबोआ आणि ३५ वर्षांचा जो जॉइस, समोरासमोर होते. दहाव्या फेरीत जॉइसचा डाव्या हाताचा आणखी एक सरळ ठोसा दुबोआच्या सुजून बंद झालेल्या डाव्या डोळ्यावर बसला. दुबोआ दोन पावले मागे सरला आणि त्याने गुडघा टेकला. रेफरीने दहापर्यंत अंक मोजले, तोवर तो उठला नाही. लढत संपली.

तो शुद्धीवर होता आणि त्याचे पाय लटपटत नव्हते. नेमकी हीच बाब त्याच्या विरोधात गेली. प्रक्षेपणाच्या चर्चेतच काही माजी विजेत्यांनी ‘त्याने लढत सोडली’ असे म्हटले आणि पुढच्या काही तासांत इंग्रजी मुष्टियुद्ध-विश्वातील सर्वांत अपमानास्पद शब्द, म्हणजे ‘क्विटर’, त्याच्या नावाला चिकटला. मराठीत ज्याला पळपुटा म्हणतात, तोच हा शब्द. नंतर रुग्णालयातील तपासणीत दुबोआच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडल्याचे आणि तेथील मज्जातंतूलाही इजा झाल्याचे आढळले. शब्द मात्र मागे घेतला गेला नाही.

दुबोआने त्या रात्री लढत सोडली का, या प्रश्नाचे उत्तर दोन पातळ्यांवर शोधावे लागते. पहिली पातळी नियमांची, दुसरी न्यायाची. वाद या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच पेटतो.

नियम काय सांगतात?

व्यावसायिक मुष्टियुद्धात लढत मुदतीपूर्वी संपण्याचे चार प्रमुख मार्ग आहेत. खेळाडू खाली पडला किंवा त्याने गुडघा टेकला आणि दहा अंक मोजून होईपर्यंत तो उठला नाही, तर तो ‘नॉकआऊट’ ठरतो. तो बेशुद्ध होता की स्वेच्छेने खाली बसला, याची चौकशी नियम करीत नाहीत. दुसरा मार्ग रेफरीचा: खेळाडू स्वतःचा बचाव करू शकत नाही असे वाटल्यास तो लढत थांबवतो. तिसरा डॉक्टरांचा: जखम किंवा सूज तपासून ते रेफरीला सल्ला देतात आणि तो सल्ला सहसा डावलला जात नाही. चौथा मार्ग कोपऱ्याचा, म्हणजे प्रशिक्षकाचा. तो टॉवेल फेकतो किंवा दोन फेऱ्यांमधील एका मिनिटाच्या विश्रांतीत आपला खेळाडू पुढे लढणार नाही असे कळवतो.

दुखापत कशामुळे झाली यालाही महत्त्व असते. डोके एकमेकांवर आपटण्यासारख्या अपघाती चुकीमुळे जखम झाली आणि ठरावीक फेऱ्या पूर्ण झालेल्या असतील, तर गुणपत्रिकांवरून निकाल लागतो. पण जखम वैध ठोशाची असेल तर जखमी खेळाडू हरतो. त्यात अन्याय काही नाही. समोरच्याने नियमात राहून हाड मोडले, तर विजय त्याचाच. जॉइसचा विजय निर्विवाद होता आणि तो कोणी नाकारलाही नाही.

शब्दशः अर्थ घेतला तर दुबोआने लढत सोडली, हे मान्य करावेच लागते. त्याला रेफरीने, डॉक्टरांनी किंवा कोपऱ्याने थांबवले नव्हते. तो स्वतः थांबला. मात्र ज्या प्रसंगात इतर तिघांपैकी कोणीही थांबवू शकले असते, त्या प्रसंगात चौथ्याने थांबवले म्हणून तो भ्याड ठरतो काय, हा खरा वादाचा मुद्दा आहे. तो डोळा सुरुवातीच्या फेऱ्यांपासून सुजत होता आणि सर्वांना दिसत होता.

एकच दुखापत, दोन निवाडे

या प्रश्नाचा काटा किती विचित्र फिरतो, हे त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत दिसले. दुबोआवर टीका करणाऱ्यांत बिली जो सॉन्डर्स हा ब्रिटिश जगज्जेता आघाडीवर होता. डोळ्यांच्या दोन्ही खोबणी मोडल्या तरी आपण गुडघा टेकणार नाही, अशा आशयाचे त्याचे उद्गार गाजले होते. ८ मे २०२१ रोजी टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे ७३ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्याची गाठ मेक्सिकोच्या सॉल ‘कॅनेलो’ आल्वारेझशी पडली. आठव्या फेरीत आल्वारेझचा खालून वर आलेला ठोसा सॉन्डर्सच्या उजव्या डोळ्याखाली बसला आणि गालाचे व खोबणीचे हाड मोडले. फेरी संपल्यावर सॉन्डर्स आपल्या स्टुलावर जाऊन बसला, तो नवव्या फेरीसाठी उठला नाही. तोपर्यंत अपराजित असलेल्या सॉन्डर्सचा तो पहिला पराभव.

प्रशिक्षक मार्क टिब्ज यांनी हा निर्णय आपण घेतल्याचे सांगितले. सॉन्डर्सने त्याला विरोध केला नाही, याकडे टीकाकारांनी बोट दाखवले. समाजमाध्यमांवर त्याचेच जुने उद्गार त्याच्या तोंडावर फेकले गेले. त्यातला सूडाचा आनंद समजण्यासारखा असला, तरी त्यामागचा विचार तितकाच पोकळ होता. डोळ्याजवळचे हाड मोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतो, तेव्हा त्याने आधी काय बढाई मारली होती यावरून त्याच्या निर्णयाचे मोल ठरत नाही. सॉन्डर्स दुबोआविषयी बोलताना चुकला होता, स्टुलावर बसून राहताना नव्हे.

केल ब्रूक याच्या वाट्याला तर दोन्ही प्रकार आले. सप्टेंबर २०१६ मध्ये लंडन येथे गेन्नाडी गोलोव्हकिनविरुद्ध त्याच्या एका डोळ्याची खोबण मोडली. पाचव्या फेरीत त्याच्या प्रशिक्षकाने टॉवेल फेकला. मे २०१७ मध्ये शेफील्ड येथे एरॉल स्पेन्सविरुद्ध दुसऱ्या डोळ्याची खोबण मोडली. या वेळी अकराव्या फेरीत ब्रूकने स्वतः गुडघा टेकला. पहिल्या खेपेला टीकेचा रोख प्रशिक्षकावर होता, दुसऱ्या खेपेला ब्रूकवर. हाड दोन्ही वेळा सारखेच मोडले होते.

क्लिच्कोची दोन रूपे

या विषयातला सर्वांत बोलका दाखला मात्र व्हिताली क्लिच्कोचा आहे. युक्रेनचा हा धिप्पाड मुष्टियोद्धा १ एप्रिल २००० रोजी बर्लिनमध्ये क्रिस बर्डविरुद्ध लढला, तेव्हा आधीच्या सर्व २७ लढती त्याने नॉकआऊटने जिंकल्या होत्या. नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर तो स्पष्ट आघाडीवर होता. उरलेल्या तीन फेऱ्या केवळ हातपाय हलवत काढल्या असत्या, तरी विजय त्याचाच होता. पण त्याच्या डाव्या खांद्याचे स्नायुबंध फाटले होते. दहाव्या फेरीसाठी तो बाहेर आला नाही. अमेरिकेतील समालोचकांनी आणि क्रीडालेखकांनी त्याची निर्भर्त्सना केली. काळीज नसलेला राक्षस, अशीच त्याची प्रतिमा उभी राहिली.

तीन वर्षांनी, २१ जून २००३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो जगज्जेत्या लेनॉक्स लुईससमोर उभा राहिला. लुईसच्या ठोशांनी त्याच्या डाव्या डोळ्याभोवतीची कातडी इतकी फाटली, की नंतर सुमारे साठ टाके घालावे लागले. सहा फेऱ्यांनंतर तिन्ही गुणपत्रिकांवर तोच पुढे होता. डॉक्टरांनी लढत थांबवली. क्लिच्को रागाने हात उंचावत निषेध करीत राहिला, प्रेक्षकांनी त्याचा जयघोष केला आणि विजेत्या लुईसची हुर्यो उडवली. एका रात्रीत ‘पळपुटा’ वीर झाला.

दोन्ही लढतींत क्लिच्को गुणांवर पुढे होता, दोन्ही लढतींत तो दुखापतीमुळे हरला. फरक एवढाच, की पहिल्या वेळी नकार त्याच्या कोपऱ्यातून आला आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांच्या तोंडून. याचा अर्थ असा, की लोक दुखापतीचे मोजमाप करीतच नाहीत. रक्त दिसले की ते मानतात, आतला फाटलेला स्नायू दिसत नाही म्हणून मानत नाहीत. आणि खेळाडूने निषेधाचा हात उंचावला की त्याला माफ करतात. बेशुद्ध पडण्याची किंवा दुसऱ्याने आपल्याला जबरदस्तीने थांबवण्याची वाट पाहणे, ही या खेळातील अब्रू राखण्याची रीत झाली आहे. पुढे २००४ मध्ये जगज्जेता झालेला आणि २०१४ पासून कीव्ह शहराचा महापौर असलेला क्लिच्को भित्रा होता, असे आज कोणी म्हणणार नाही. पण बर्लिनच्या रात्रीही तो तोच माणूस होता.

डोळ्यापासून मेंदूपर्यंत

‘एक डोळा बंद झाला म्हणून काय झाले, दुसऱ्याने लढावे’ हा युक्तिवाद ऐकायला शूर वाटतो. शरीरशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. डोळ्याच्या खोबणीचा तळ आणि नाकाकडची बाजू ही अत्यंत पातळ हाडांची असते. समोरून जोराचा मार बसला की आतला दाब वाढून हा तळ खचतो. खचलेल्या भेगेत डोळा फिरवणारा स्नायू अडकला, तर डोळा वर-खाली हलत नाही, एकाचे दोन दिसू लागतात, गाल बधिर होतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा ठोसे बसत राहिले तर दृष्टी कायमची अधू होऊ शकते.

याहून मोठा धोका पुढे असतो. एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही आणि त्या बाजूने येणारा ठोसा दिसतच नाही. दिसलेल्या ठोशासाठी मान ताठ होते, शरीर सावध होते. न दिसलेला ठोसा सैल मानेवर बसतो आणि डोके झटक्याने फिरते. अशा झटक्यात मेंदूवरील बारीक रक्तवाहिन्या फाटून आत रक्त साचू शकते. म्हणजे बंद झालेला डोळा ही केवळ डोळ्याची दुखापत राहत नाही. मेंदूवर बसणाऱ्या पुढच्या ठोशासाठी उघडे पडलेले ते दार असते.

शिवाय आपल्याला एकाचे दोन दिसत आहेत, हे फक्त त्या खेळाडूलाच कळते. सूज बाहेरून दिसते, दृष्टी दिसत नाही. रेफरीने विचारले तर बहुतेक मुष्टियोद्धे ‘ठीक आहे’ असेच सांगतात, कारण त्यांना तसेच शिकवलेले असते. अशा वेळी ज्याच्याजवळ माहिती आहे, त्यानेच ती वापरून निर्णय घेतला, तर त्याला दोष कसा देणार?

टॉवेल कोणाच्या हातात?

यावर सर्वमान्य उत्तर असे आहे, की योद्ध्याने लढावे आणि थांबवण्याचे काम प्रशिक्षकाने करावे. उत्तर योग्य आहे. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे महंमद अलीविरुद्धच्या तिसऱ्या लढतीत जो फ्रेझरला चौदाव्या फेरीनंतर जवळजवळ काहीच दिसत नव्हते. तो शेवटच्या फेरीसाठी हट्ट धरून बसला असता प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला खाली बसवले आणि लढत संपवली. फच यांच्या या निर्णयाला आज मानवतेचा आदर्श मानले जाते. फ्रेझरला कोणी पळपुटा म्हटले नाही.

परंतु सर्वच कोपऱ्यांत फच नसतात आणि असले तरी ते दर वेळी वेळेत पोहोचत नाहीत. १९ जुलै २०१९ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात रशियाचा मॅक्सिम दादाशेव्ह सुब्रिएल मतियासविरुद्ध लढत होता. अकराव्या फेरीनंतर प्रशिक्षक बडी मॅकगर्ट यांनी त्याची अक्षरशः विनवणी केली. दादाशेव्ह मान हलवून नकार देत राहिला. मॅकगर्ट यांनी तरीही लढत थांबवली. रिंगणाबाहेर पडल्यावर काही वेळातच तो कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, पण २३ जुलैला वयाच्या २८ व्या वर्षी त्याचे निधन झाले. दादाशेव्हने लढत सोडली नाही. स्वतःहून कधीच न थांबणे हा ज्या खेळाचा आदर्श आहे, त्या आदर्शाची ही किंमत आहे.

वेळीच टॉवेल फेकणाऱ्या प्रशिक्षकाला काय मिळते, हेही पाहण्यासारखे आहे. २२ फेब्रुवारी २०२० रोजी लास व्हेगासमध्ये टायसन फ्युरीच्या माऱ्याखाली डिऑन्टे वाइल्डर हतबल झाला असता त्याचे साहाय्यक प्रशिक्षक मार्क ब्रीलंड यांनी सातव्या फेरीत टॉवेल फेकला. १९८४ च्या ऑलिम्पिकचे सुवर्णपदक जिंकलेले ब्रीलंड हे स्वतः जगज्जेते राहिलेले. वाइल्डरने त्यांनाच दोष देऊन आपल्या गोटातून दूर केले. ज्या धंद्यात शिष्याचा जीव वाचवणाऱ्याची नोकरी जाते, तेथे पुढचा प्रशिक्षक टॉवेल फेकताना दोनदा विचार करणार, हे उघड आहे.

दुसरी बाजू

टीकाकारांची बाजू अगदीच निराधार आहे असे मात्र नाही. मुष्टियुद्धाचा सारा डोलाराच मुळी सहनशक्तीवर उभा आहे. प्रेक्षक तिकीट काढतो ते केवळ कौशल्य पाहण्यासाठी नव्हे, तर संकटात सापडलेला माणूस काय करतो हे पाहण्यासाठी. दुखल्याबरोबर थांबण्याची मुभा सर्रास दिली, तर खेळच उरणार नाही, हा आक्षेप खरा आहे. दुखापत नसताना लढत सोडल्याची उदाहरणेही आहेत. २५ नोव्हेंबर १९८० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये शुगर रे लिओनार्डच्या चपळाईने आणि खोड्यांनी वैतागलेल्या रोबेर्तो दुरानने आठव्या फेरीत अचानक पाठ फिरवली. ‘नो मास’, म्हणजे ‘आता पुरे’, हे शब्द त्याच्या नावावर कायमचे कोरले गेले. आपण ते उच्चारलेच नाहीत, असे तो सांगत राहिला. पोटात कळा येत असल्याचे कारण त्याने दिले, ते फारसे कोणाला पटले नाही. मात्र त्याच दुरानने पुढे १९८३ आणि १९८९ मध्ये जगज्जेतेपदे पटकावली.

फेब्रुवारी १९६४ मध्ये सॉनी लिस्टन तेव्हाच्या कॅशियस क्लेविरुद्ध सातव्या फेरीसाठी उठला नाही, तेव्हा खांद्याचे कारण खोटे असल्याचा संशय घेतला गेला आणि त्याचे मानधनही अडकवून ठेवण्यात आले. डॉक्टरांनी खांद्याला इजा झाल्याचे सांगितले, तरी संशय गेला नाही.

म्हणून दुरानचा माप दुबोआला लावता येत नाही. फरक करायचा तर तीन प्रश्न विचारावे लागतील. दुखापत खरी होती का? ती घेऊन लढत राहिल्यास कायमचे नुकसान होण्याचा वाजवी धोका होता का? आणि थांबवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी ती पार पाडली का? दुबोआच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असे येते. तिसरे उत्तर ‘नाही’ असेल, तर जाब खेळाडूला नव्हे, त्याच्याभोवतीच्या मंडळींना विचारायला हवा.

शौर्याचे भारतीय गणित

भारतातील क्रीडाप्रेमींनाही हा मोह परका नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२१ रोजी सतीश कुमार हा भारतीय लष्करातील मुष्टियोद्धा चेहऱ्यावर तेरा टाके घेऊन उझबेकिस्तानच्या बखोदिर जलोलोव्हसमोर उतरला. तो ०-५ असा हरला आणि देशभर त्याचे कौतुक झाले. डॉक्टरांनी परवानगी दिली होती आणि त्याची जिद्द निर्विवाद होती. तरीही कौतुकाच्या त्या पुरात, समोरच्याचा एक ठोसा नेमका टाक्यांवर बसला असता तर, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. सतीशने त्या दिवशी माघार घेतली असती, तर हेच कौतुक त्याच्या वाट्याला आले असते का?

अशा वेळी हमखास आठवण निघते ती अनिल कुंबळेची. मे २००२ मध्ये अँटिग्वा कसोटीत जबडा मोडलेला असताना, डोक्याभोवती पट्टी बांधून त्याने सलग १४ षटके टाकली. ती जिद्द अविस्मरणीयच. पण गोलंदाजी करताना कुंबळेच्या मोडक्या जबड्यावर कोणी पुन्हा चेंडू मारत नव्हता. मुष्टियोद्ध्याच्या मोडक्या हाडावर पुढचा ठोसा मारणे हे प्रतिस्पर्ध्याचे कामच असते. दोन्हींना एकाच तराजूत घालणे चूक आहे. आणि स्पेल संपल्यावर कुंबळेही शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतला होता.

मराठी मनाला तर दत्ताजी शिंदे यांच्या तोंडी परंपरेने घातलेले ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ हे उद्गार पाठ असतात. ते नेहमी मरण पत्करण्याच्या आवेशात उच्चारले जातात. त्यांचा सरळ अर्थ मात्र असा, की पुन्हा लढायचे तर आधी वाचावे लागते.

पुढे काय झाले?

दुबोआ वाचला आणि पुन्हा लढला. डिसेंबर २०२२ मध्ये केव्हिन लेरेनाविरुद्ध पहिल्याच फेरीत तो तीनदा खाली गेला, गुडघा दुखावला, तरी उठून तिसऱ्या फेरीत जिंकला. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे ऑलेक्झांडर उसिकविरुद्ध नवव्या फेरीत तो गुडघ्यावर असताना अंक संपले आणि जुना शब्द पुन्हा वर आला. जून २०२४ मध्ये फिलिप हर्गोविचच्या सुरुवातीच्या जोरदार माऱ्याला तोंड देत त्याने त्याला आठव्या फेरीत हरवले. २१ सप्टेंबर २०२४ रोजी वेम्बलीच्या भरगच्च मैदानात त्याने अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत धूळ चारली. तेव्हा तो आयबीएफ या संघटनेचा जगज्जेता होता. जुलै २०२५ मध्ये त्याच वेम्बलीत उसिकने त्याला पुन्हा, पाचव्या फेरीत हरवले.

चर्च हाऊसमध्ये त्याने आणखी दोन फेऱ्या हट्टाने काढल्या असत्या आणि एक डोळा गमावला असता, तर यातले काहीही घडले नसते. एका डोळ्याने अधू असलेल्या खेळाडूला लढण्याचा परवाना मिळणे दुरापास्त असते.

व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या नियामकांना यातून करण्यासारखे बरेच आहे. खोबणीच्या मोडतोडीची शंका येताच विश्रांतीच्या मिनिटात डॉक्टरांनी नजरेची तपासणी करणे सक्तीचे करता येईल. हौशी मुष्टियुद्धात दुखापतीमुळे रेफरीने थांबवलेल्या लढतीची स्वतंत्र नोंद होत आली आहे. व्यावसायिक नोंदींत मात्र दुबोआच्या पराभवापुढे केवळ ‘नॉकआऊट, दहावी फेरी’ एवढेच उरते, मोडलेल्या हाडाचा मागमूस नसतो. दुखापतीची नोंद निकालासोबत झाली, तर निदान अफवांना आळा बसेल. दिसत नसल्याचे सांगणाऱ्या खेळाडूची लढत तत्काळ थांबवून ती रेफरीच्या नावावर नोंदवणे, हाही साधा उपाय आहे.

पण सर्वांत मोठा बदल नियमपुस्तकाबाहेरचा आहे. जो मुष्टियोद्धा आज दुबोआवरील टीका ऐकतो, तो उद्या आपल्याला एकाचे दोन दिसत असल्याचे कोपऱ्यातही सांगणार नाही. आणि ज्याला काहीच सांगितले जात नाही, तो प्रशिक्षक टॉवेल केव्हा फेकायचा हे ठरवणार तरी कसे?